निःपक्षपाती माणसाचा ट्रॅक्टर

१ मार्च, सकाळ

नवी वही काढली. कारणही तसंच आहे. घरात ट्रॅक्टर घ्यायचा आहे आणि तो मी ठरवणार आहे.

काल जेवताना धाकटा भाऊ म्हणाला, आपल्या ट्रॅक्टरचं आता काही खरं नाही. तिसरा गिअर आपोआप निसटतो. नांगर उचलायला लिव्हर ओढला, की अर्ध्यापर्यंत उचलतो आणि दम लागल्यासारखा पुन्हा खाली ठेवतो. सीटची स्प्रिंग गेली तेव्हापासून धाकट्याची कंबरही गेली आहे. जुन्या रजईची गादी शिवून त्याने ती सीटवर बांधली आहे आणि तिच्यावर बसून तो आम्हा दोघांची जमीन कसतो. मी शाळेत भाषा शिकवत होतो, ती सगळी वर्षं हा इथे होता. आता मी मुदतीआधी निवृत्त होऊन घरी आलो आहे. थोडा भार मीही उचलायला नको?

तो म्हणाला, मेकॅनिकच्या नजरेत एक वापरलेला आहे, बघून येऊ. मी म्हणालो, थांब. नवा की जुना, हा मूळ प्रश्न आधी सुटला पाहिजे. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, मग सिद्धान्त. माझ्यावर सोड.

"बरं दादा," म्हणाला. केवढा विश्वास!

पैशाची अडचण नाही, दोघांनी मिळून बाजूला टाकले आहेत. अडचण फक्त विचारांची होती. ती आता दूर होईल.

संकल्प : आठ तारखेच्या आत निर्णय.

४ मार्च

शोरूमला जाऊन आलो. सेल्समन मला सर म्हणाला. शाळा सुटल्यापासून इतक्या आदराने कोणी म्हटलं नव्हतं. नव्या ट्रॅक्टरवर बसलो. अशी खुर्ची स्टाफरूममध्ये असती तर मी निवृत्त झालोच नसतो. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. हॉर्न वाजवून पाहिला. आवाज गंभीर आहे, म्हणून पुन्हा वाजवला. रंगीत माहितीपत्रकं आणली.

ही म्हणाली, "बसणार भाऊजी, आणि खुर्ची पसंत करून आलात तुम्ही?"

हिला तत्त्वचर्चेत रस नाही.

कल : नव्याकडे.

७ मार्च

मेकॅनिकचा तो वापरलेला बघायला तिघे गेलो. मी नेटवर वाचून तयार होतो. विकणारा इंजिन आधीच गरम करून ठेवतो, म्हणजे गार असताना सुरू न होण्याची खोड लपते. तेव्हा पोचल्या पोचल्या कोणाशी काही न बोलता बॉनेटवर हात ठेवायचा. ठेवला. चटका बसला. मी मेकॅनिककडे असं पाहिलं, की पुरे.

धाकटा हळूच म्हणाला, "दादा, उन्हात उभा आहे तो."

असेल. पण उन्हात का उभा केला? शेजारी झाड होतं.

सावलीत घेऊ, गार होऊ दे, मग सुरू करून बघू, असं दोघांचं म्हणणं पडलं. मी नकार दिला. संशय एकदा आला की तो गार होत नाही. परतताना धाकटा म्हणाला, मशीन चांगलं होतं. मी त्याला प्रत्यक्ष आणि अनुमान यांतला फरक समजावून सांगितला, घर येईपर्यंत. पटला असावा, कारण मध्ये एक शब्द बोलला नाही. मेकॅनिक अर्ध्या वाटेतच उतरला. त्याला काहीतरी काम आठवलं.

बोटाला फोड.

कल : अनिश्चित, पण भक्कम.

१० मार्च

आठ तारीख फार घाईची होती. नवी मुदत पंधरा.

शेजारच्या शेताचे मालक येऊन गेले. मी त्यांना मनातल्या मनात लगबगराव म्हणतो. पाण्याचा पाइप आणायला गेले होते आणि ट्रॅक्टर घेऊन आले! शोरूमच्या दारात उभा होता म्हणे, एक चक्कर मारली, बरा वाटला, घेतला. मी विचारलं, तुलना कशाशी केलीत? म्हणाले, "कशाशी करणार गुरुजी? कालपर्यंत ट्रॅक्टर नव्हता, आज आहे."

आणि पाइप आणायचा विसरले!

ते गेल्यावर पोट धरून हसलो. चपला घेतानासुद्धा माणूस दुसरा जोड दाखवा म्हणतो. धाकटा हसला नाही. कष्टाने विनोदबुद्धी बोथट होते.

१४ मार्च

मुळावरच घाव घातला. आमचं जुनं धूड शेडमध्ये उभं आहे तोवर विचार स्वच्छ होणं शक्य नव्हतं. त्याच्याकडे पाहिलं की नवा हवासा वाटतो, आणि नव्याचा विचार करू लागलं की याची दया येते. दोन्हीकडून पक्षपात. धाकटा सासुरवाडीला गेला होता, तेवढ्यात मेकॅनिकला बोलावून त्यालाच ट्रॅक्टर विकून टाकला. धाकट्याला सरप्राइज.

संध्याकाळी आला तो थेट शेडमध्ये गेला. बराच वेळ बाहेर येईना म्हणून पाहायला गेलो, तर जमिनीवरच्या ऑइलच्या डागापाशी उभा.

"मग नांगरायचं कशाने?"

मी म्हणालो, हेच तर मर्म आहे! आता निर्णय पुढे ढकलायला जागाच उरली नाही.

"आणि गादी?"

गादी सीटला बांधलेली होती. सीट ट्रॅक्टरला.

जेवला नाही. सासुरवाडीला भरपेट झालं असणार.

२० मार्च

परवाच्या सरींनी जमिनीला वाफसा आला आहे. म्हणजे चिखल नाही आणि ढेकूळही नाही, नांगर लोण्यातून जावा तसा जातो. मी टेबलावर तुलनेचा तक्ता मांडून बसलो होतो. धाकट्याने शेतातली मूठभर माती आणली आणि तक्त्यावरच ठेवली. म्हणाला, "दादा, हात लावून बघ. अशी थोडेच दिवस राहते. मग वीट."

मी हात लावला. मग तक्ता झटकला.

गुणांची बेरीज : नवा एकसष्ट, जुना एकसष्ट. इतकी निःपक्षपाती तुलना फार कमी जणांना साधली असेल. ही म्हणाली, मग नाणं उडवा. ज्ञानाचा असा अपमान मी घरात ऐकून घेतला, हे इथे नोंदवून ठेवतो.

दुपारी धाकटा लगबगरावांकडे ट्रॅक्टर मागायला निघाला होता. मी दारात अडवलं. ज्यांच्या दारात उद्या स्वतःचा उभा राहणार, त्यांनी आज उसना मागायचा? लोक काय म्हणतील? त्याने चप्पल काढली. पुन्हा घातली. पुन्हा काढली.

मौन म्हणजे संमती.

२६ मार्च, दुपार

सिद्धान्त सापडला!! नवाही नाही, जुनाही नाही : डेमो ट्रॅक्टर. शोरूमवाले लोकांना चालवून दाखवायला ठेवतात तो. नव्याचे गुण, जुन्याचा भाव. द्वैत संपलं. इतक्या दिवसांचं चिंतन फळाला आलं.

लगेच फोन लावला. सेल्समन आता सर म्हणत नाही, "हं, बोला" म्हणतो. म्हणाला, डेमोचा एकच होता, गेला. कोणी नेला? पाइप घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी.

याला आपल्याकडे घुणाक्षरन्याय म्हणतात. किडा लाकूड पोखरत जातो आणि चुकून एखादं अक्षर उमटतं. म्हणून किडा साक्षर ठरत नाही.

संध्याकाळ

शेतावर गेलो. माती खरोखर विटेसारखी झाली आहे. काठी रोवून पाहिली, काठी मोडली.

काठी जुनी होती. नवी घ्यावी का, विचार करतो आहे.

३० मार्च

आज धाकटा चहा घेऊन माझ्या टेबलाशी न येता पायरीवर बसला. पाठ माझ्याकडे. तसंच बसून बोलला. शेजाऱ्यांनी विचारलं आहे : यंदा तुमचीही जमीन आम्हीच करतो, पिकाचा वाटा देऊ. ट्रॅक्टर चालवायला आमच्याकडे कोणी नाही, तू ये, रोज घे.

आमच्याच जमिनीत दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर रोजाने? मी म्हणालो, वेड्यासारखं बोलू नकोस, पाच तारखेपर्यंत थांब. तो म्हणाला, "मी थांबतो रे. हंगाम थांबत नाही."

मग वळून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, एकदा खरं सांग. तुला ट्रॅक्टर घ्यायचाय, की ठरवायचाय?"

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एरवी अशा संधी सोडत नाही. आज आत निघून गेली.

मी परवानगी दिली. ही माघार नव्हे. ट्रॅक्टरशिवाय शेती, हा रकाना माझ्या तक्त्यात राहूनच गेला होता, तो अनायासे तपासून होईल.

त्याचा प्रश्न मात्र चांगला होता. उत्तर लिहायला वही उघडली. दोन्ही बाजूंनी मुद्दे आहेत.

३ एप्रिल

लगबगराव पुन्हा जाऊन पाइप घेऊन आले. आमच्या शेताला पाणी सोडलं आहे. म्हणजे वाफसा विकत आणता येतो तर! मला कोणी बोललं नाही.

धाकटा पहाटेच जातो. जेवणही तिकडेच. ही सवयीने डबा भरते आणि मग मलाच वाढते. चहाला समोरची खुर्ची रिकामी असते. तिच्यावर माहितीपत्रकं ठेवली आहेत.

७ एप्रिल

आज आमच्या शेतात नांगर लागला. बघायला गेलो. देखरेख कोणीतरी करायला हवी.

ट्रॅक्टर उत्तम आहे. नांगर एका झटक्यात उचलतो, ठेवतो. धाकटा वर ताठ बसला होता. मला वाटलं, नव्या सीटचा गुण. जवळ आल्यावर पाहिलं तर त्याच्याखाली आपली जुन्या रजईची गादी. मेकॅनिककडे जाऊन मागून आणली म्हणे. कधी आणली, मला माहीत नाही. हल्ली त्याचं काहीच माहीत नसतं.

शेताच्या टोकाला मी उभा होतो तिथपर्यंत नांगराचं तास आणून त्याने ट्रॅक्टर थांबवला. इंजिन चालूच. चार शब्द बोलावेत असं फार वाटलं. खूप काही होतं. मी ओरडून विचारलं, तुला काय वाटतं, आपण नवा घ्यायला हवा होता, की जुना?

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

म्हणाला, "दादा, जरा बाजूला हो. वळायचंय मला."

झालो.

हा निर्णय मात्र मी तत्काळ घेतला.