न विचारता दिलेला नकार

थॉर्नबेक, यॉर्कशायर
४ मे १९३४

चि. ऑब्रीस अनेक आशीर्वाद.

तुझी संस्कृतची पोरं पास झाली का ते कळव. मी मात्र थापेत पहिली आले आहे. काल चर्चच्या चहाला पाद्र्यांच्या मिसेस पिकरिंग सगळ्यांदेखत कळवळल्या, की बिचाऱ्या हेस्टरला जन्मात कुणी विचारलंच नाही. माझ्या एका हातात केक, दुसऱ्यात सुरी. मी म्हटलं, "विचारलं होतं. क्लेमंट थ्वेटनी. मी टर्न डाउन केलं."

थ्वेट म्हणजे आपले मधवाले विधुर. बरणी मोठी की लहान, याखेरीज त्यांनी मला काहीही विचारलेलं नाही. रविवारी चर्चमध्ये कुणी त्यांना विचारलं आणि ते "छे" म्हणाले, की मला गाव सोडावं लागेल. तुझ्याकडे खोली आहे ना?

तुझी,
हेस्टर

५ मे

ती. हेस्टरताईस सा. न. वि. वि.

खोली आहे, पण तीत पुस्तकं राहतात आणि ती तुझ्यापेक्षा कमी बोलतात. मीमांसक सांगून गेलेत, प्राप्तीवाचून प्रतिषेध नाही, म्हणजे जे समोर आलंच नाही ते नाकारता येत नाही. टर्न डाउनचंही तेच. नोकरी, आमंत्रण, नवरा, काहीही चालतं. फक्त आधी कुणीतरी ते पुढे केलेलं हवं. मी इंग्लंडचा मुकुट टर्न डाउन केला असं सांगत फिरत नाही, कारण अजून कुणी विचारलेलं नाही. तू सशाचं नसलेलं शिंग मोडून दाखवलंस, ताई. थ्वेटसाहेबांना आधीच गाठ आणि कबूल हो.

लोभ पाठवला आहे, ठेवून घ्यावा.

ऑब्री

९ मे

चि. ऑब्रीस आशीर्वाद.

तुझं शहाणपण सोमवारी पोचलं. रविवारीच पिकरिंगबाईंनी चर्चच्या अंगणात थ्वेटना धरलं, खरं का हो म्हणून. मी तिथल्या थडग्यांत एखादं रिकामं आहे का ते पाहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि म्हणाले, "हो. विचारलं होतं. नाही म्हणाल्या."

माझी अब्रू वाचली, त्यांची गेली. आता गुत्त्यावर टवाळ त्यांना नवरदेव म्हणून हाका मारतात. काल जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, खरंच विचारायचं मनात होतं, पण एकदा नकार मिळालेल्या माणसानं पुन्हा विचारणं बरं दिसत नाही. म्हणून मग मीच विचारलं. वर म्हटलं, खुशाल नाही म्हणा, हवं तर गावासमोर म्हणा, फिट्टंफाट होईल.

त्यांनी आधी मधमाश्यांच्या पेटीचं झाकण नीट लावलं. मग म्हणाले, "मला ते तुमच्याइतकं सफाईनं जमत नाही, बाई."

जूनमध्ये कोट इस्त्री करून ये.

तुझी,
हेस्टर