जॅकखाली या वर्षी कोण जाणार

शहापूर,
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

तीर्थरूप पंढरीदादा यांस, धाकटी बहीण देवकी हिचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर अजून कुरकुरते, ती का ते पुढे येईलच.) इकडे सर्व ठीक. तिकडे तुझी साखर, वहिनींचे गुडघे आणि मुरबाडचं गॅरेज तिन्ही बरी असतील अशी आशा करते. ‘यांस’ वगैरे वहिनींसाठी लिहिलं, कारण पत्र त्याच तुला वाचून दाखवतील. पुढे मी तूच म्हणणार आहे, चिडल्यावर मला तुम्ही म्हणता येत नाही.

जीपवाल्याबरोबर पाठवलेली तुझी चिठ्ठी मिळाली. या वर्षीही आपली पत्र्याची केबिन म्हशाच्या जत्रेला न्यायची, भज्यांचा धंदा जोरात करायचा, आणि जॅकखाली माझ्याऐवजी तुझी नवी सून माधुरी जाईल, ‘ती अंगानं बारीक हाय’, असं तू लिहिलंस. लग्न होऊन पोरगी घरात आली, आणि तिच्यातलं एवढंच तुझ्या नजरेत भरलं! उत्तर देण्याआधी मागच्या जत्रेत काय झालं ते लिहून काढते, कारण तू मुरबाडभर भलतंच सांगत फिरतोस असं कानावर आलं आहे.

मुळात ही केबिन तुझ्याच डोक्यातून निघाली. टेम्पोच्या पाठीवर भज्यांचं दुकान बसवायचं, जत्रेत पोचलं की चार कोपऱ्यांच्या चार हायड्रॉलिक जॅकवर ते उचलायचं, टेम्पो खालून काढून भाड्याला पाठवायचा, आणि दुकान दगडांवर उतरवायचं. ऐकायला फार छान. पण ते दगड कुणीतरी आत शिरून मांडायचे असतात, हे तू सांगितलं नाहीस. तुझं पोट आत जात नाही, आणि ह्यांचं (म्हणजे तुझ्या लाडक्या पाहुण्यांचं) पोट तुझ्याही दोन बोटं पुढे. राहिले मी.

जॅक तू दिलेस तेव्हा चांगले होते, खोटं कशाला बोलू. पण खंडेनवमीला ह्यांनी चारही जॅक पुरते वर काढले, उंच दिसायला हवेत म्हणून, आणि त्या चकचकीत दांड्यांना हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या माळा आणि वरून नारळाचं पाणी. पुढ्यात पेढाही ठेवला. (माझ्या दोन्ही बाळंतपणांत मिळून एवढं कौतुक झालं नव्हतं.) तू जेवायला आला होतास, आरती तूच म्हटलीस. अरे, गॅरेजवाला माणूस ना तू? दांड्याला धूळ लागली तरी पुसल्याशिवाय खाली घेऊ नका, असं गिऱ्हाइकांवर खेकसतोस, आणि इथे देवाला वाहिलेलं पुसायचं कसं म्हणून कुंकवा-अक्षतांसकट दांडे खाली गेले ते टाळ्या वाजवत बघितलंस. आतलं रबरी सील चिरलं आणि आठवड्याभरात एक जॅक लाल तेल गाळू लागला. सासूबाई म्हणाल्या, जॅक जागृत आहे. तेल कमी झालं तर ह्यांनी कढईतलं उरलेलं तळणाचं तेल त्यात ओतलं. तुला विचारलं, तर तू म्हणालास, ‘तेल त्ये तेल, चालंल.’

म्हशाला जागा मिळाली ती वालाच्या वाफ्याला लागून, भुसभुशीत. जॅकखाली जाड फळी टाका असं मी म्हटलं, पण त्या फळीवर तुम्ही दोघं बसून चहा पीत होतात. टेम्पो निघून गेला, मी दगड ढकलत आत शिरले. तीन दगड बसले, चौथा बसेना, म्हणून आतून ओरडले की जरा वर घ्या. चारही कोपरे थोडे थोडे, सारखे उचलायचे असतात हे शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही मेहुणे-पाहुण्यांनी मात्र हँडल मारायची शर्यत लावली. तू जिंकलास. तुझा कोपरा वर गेला, त्यांचा जॅक मातीत रुतला, आणि आमचा जागृत जॅक फुस्स करून खाली बसला. केबिन माझ्यावर आली. मांडलेल्या तीन दगडांनी धरली म्हणून छातीवर चार बोटं जागा राहिली. कमरेला पत्र्याची कड लागली, पदर खाली अडकला. हे बाहेरून विचारत होते, पीठ सांडलं का. आणि तू, माझा सख्खा भाऊ, काय ओरडलास? ‘हलू नको गो, केबिन कलंडंल!’ भोवती माणसं जमली, त्यांना वाटलं जत्रेतला एखादा खेळ आहे. एकाने भजी कधी मिळतील विचारलं, आणि तू त्याला ‘पाच मिनिटांत’ म्हणून बाकड्यावर बसवलंस. शेवटी त्याच माणसांनी केबिनचा कोपरा उचलून धरला, तेव्हा मी सरपटत बाहेर आले.

दादा, त्या चार बोटांत पडले होते तेव्हा मला राग आला नव्हता, फक्त भीती वाटत होती. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. राग नंतर आला, ‘देवकी केबिनखाली झोपली व्हती’ असं तू हसत हसत लोकांना सांगितलंस तेव्हा. तो अजून गेलेला नाही.

असो. धंदा आहे, जत्रा सोडून चालणार नाही, मी काही अडून बसणारी बाई नव्हे. वहिनींना नमस्कार, माधुरीला आशीर्वाद.

सगळी हाडं अजून जागेवर असलेली तुझी बहीण,
देवकी

ता. क. चारही जॅकची सील नवी घाल, जुनं तेल पुरतं काढ आणि जॅकचंच तेल भर. चार जाड फळ्या आण. तुझ्या अंगणात ऐनाचा ओंडका पडला आहे, त्याचे ठोकळे करून आण. जॅकने उचलायचं, धरून ठेवायचं काम ठोकळ्यांचं. ते बाहेरून काठीने सरकवता येतात. माणूस आत जायचा तो त्यानंतर.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच माधुरी पिशवी घेऊन दारात उभी. माझ्या उत्तराची वाटसुद्धा पाहवली नाही तुला! पाणी दिलं, भाकरी वाढली. अर्धी भाकरी खाऊन मला विचारते, ‘आत्या, खाली गेल्यावं डोले मिटायचे का उघडे ठेवायचे?’ मी तिची पिशवी उचलून आतल्या खोलीत ठेवली. ती आता माझ्याकडे राहील, भजी तळेल, गल्ल्यावर बसेल; केबिनखाली जाणार नाही. खाली या वर्षी तू जायचंस. पोट आवळ, नाहीतर खड्डा खण, पण तूच जायचंस. हँडलं आम्ही दोघी मारू. ठोकळे लागल्याशिवाय तुला आत सोडणार नाही, तेवढी माया माझ्यात आहे.