चार नंबरची झाकणं

सोमवार, ३
नोकरीचा पहिला दिवस! पत्र्याच्या डब्यांचा कारखाना, आणि मी त्याची सुरक्षा अधिकारी. स्वतःचं टेबल, स्वतःची खिडकी, डोक्याला नेमकं बसणारं पिवळं हेल्मेट. सकाळी निघताना भावजी म्हणाले, आता घरात जिना उतरायलाही हिची सही लागणार. ताईने डोळे वटारले, पण हसली तीही.

मालकांनी स्वतः फिरून कारखाना दाखवला. एका रांगेत सहा प्रेस. साच्यावर पत्रा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरचा ठोकळा हवेच्या दाबाने धाडकन खाली येतो, की झाकण तयार. कामगाराला इजा झाली तर भरपाई देता यावी म्हणून मालकांनी विमा काढलाय. माझी नेमणूकही विमा कंपनीच्या अटीमुळेच. पुढच्या आठवड्यात त्यांचे तपासनीस येणार आहेत. काम आवडणार मला इथे.

मंगळवार, ४
प्रत्येक प्रेसच्या तोंडाशी जाळी आहे. जाळी बंद असेल तरच ठोकळा हलतो, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. फक्त चार नंबरला जाळी नाही. तो प्रेस चालवते अक्का. पंधरा वर्षं इथेच आहे, बोलायला फटकळ. म्हणाली, जाळीने काम रेंगाळतं म्हणून मालकांनी काढून टाकली. तिच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटात तारेची वाकडी अंगठी दिसली, लेकीने लहानपणी वळून दिलेली. मशीनवर अंगठी नको म्हटलं, तर हसून म्हणाली, निघाली तर आता बोटासकटच निघेल.

मालकांकडे जाळी मागितली. ते म्हणाले, विमा आहे ना, मग कशाला घाबरता? मी म्हटलं, विमा जखमेनंतर येतो, जखमेच्या आधी पोचायचं काम माझं. शिवाय जाळी काढलेली कळली तर विमा कंपनी भरपाईला फाटे फोडेल. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

गुरुवार, ६
जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी होती. मेन स्विच मी स्वतः बंद केला होता. चार नंबरचा ठोकळा आपोआप पडला. जमीन हादरली. फिटर म्हणाला, पाइपात हवा राहिली असेल, होतं असं. असेल.

पण खाली झाकण होतं. पत्रा कुणीच ठेवला नव्हता. झाकणावर शेजारी शेजारी दोन खळगे. बोटांचे. नखंसुद्धा उमटलेली.

शुक्रवार, ७
चार नंबर बंद केला. पाइपातली सगळी हवा सोडली, दाबाचा काटा शून्यावर आणला, स्विचला माझं कुलूप घातलं. किल्ली माझ्या गळ्यात. अक्काला पॅकिंगला बसवलं. मालक तडतडले, पण तपासनीस येणार म्हणून गप्प बसले. आता काही होणार नाही.

शनिवार, ८
कुलूप जसंच्या तसं. काटा शून्यावर. आणि साच्यावर नवीन झाकण. त्यावर मनगट उमटलेलं. हाडांसकट.

दोन्ही झाकणं फोरमनला दाखवली. त्याला सगळे आठबोटे म्हणतात, तोही हसतो. आज हसला नाही. गुरुवारच्या झाकणावर त्याने डावा पंजा ठेवला. त्याची दोन बोटं जिथे तुटलीत, नेमके तिथून ते खळगे सुरू होत होते.

मग त्याने सांगितलं. चार नंबरवर तीन अपघात झालेत. आधी याची बोटं. नंतर एका पॅकरचं मनगट. मग एका वेल्डरचा कोपरापर्यंत हात. तो दवाखान्यात पोचलाच नाही. विमा कंपनीला एकही कळवला नाही, कारण जाळीची चौकशी झाली असती. कागदावर तिघंही आपापल्या घरी घसरून पडले. भरपाई कुणालाच नाही. इतकी वर्षं तू गप्प का, असं मी विचारलं.

“बाई, उरलेल्या आठ बोटांवर घर चालतं,” तो म्हणाला.

सोमवार, १०
तिसरं झाकण. कोपरापर्यंत हात. मी ते उलटं करून ठेवलं, तरी बघावंसं वाटत होतं.

अपघातांची नोंदवही काढली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोरी. विमा कंपनीला फोन करून तिन्ही अपघात सांगितले. झाकणांचं बोलले नाही. काय बोलणार? तपासनीस बुधवारीच येतील म्हणाले.

जेवण जात नाही. ताई विचारते, काय झालं. काही नाही म्हणते.

मंगळवार, ११
चौथं झाकण.

डावा पंजा. पाची बोटं. मधल्या बोटावर तारेची वाकडी अंगठी.

तीन झाले होते. हा अजून व्हायचाय—

पॅकिंगकडे धावले. अक्का खोकी बांधत होती. मी लांबूनच तिची बोटं मोजली. पाच आणि पाच. तिला म्हटलं, मी सांगेपर्यंत कामावर येऊ नकोस, पाया पडते तुझ्या. माझ्याकडे वेड्यासारखं बघत होती. फाटकापर्यंत सोडून आले.

बुधवार, १२
सकाळी अकरा. तपासनीस वाटेत आहेत, अर्धा तास लागेल. सगळ्यांना बाहेर काढलंय. मी एकटी, चार नंबरसमोर स्टुलावर. कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. कुलूप आहे. काटा शून्यावर. बसल्या बसल्या लिहितेय. काही झालंच तर तपासनिसांच्या हाती लेखी काहीतरी लागेल.

ठोकळा वर चाललाय.

हळूहळू. हवा नाही, वीज नाही, आणि वर चाललाय.

वर जाऊन थांबला. पडत नाही. वाट बघतोय—

फाटकावरून फोन. अक्का आत आलीय. मालकांनीच बोलावलं तिला. चार नंबरवर कधी काही झालं नाही, असं तपासनिसांना तिने सांगायचं म्हणे—

दारात आहे. हाक मारली. ऐकत नाही. माझ्याकडे बघतही नाही. ठोकळ्याकडे बघतेय, डोळे उघडे, जसं झोपेत—

अक्का, मागे फिर, मागे

डावा हात पुढे केलाय. दहा पावलं. मी उठते, तिला धरते, काही झालं तरी सोडणार ना