गुलाबाने प्यायलेलं औषध

अहो,

पोट साफ करायचं औषध गेल्या खेपेला तुम्ही गुलाबाच्या कुंडीत ओतलंत, हे गुलाब करपल्यावर कळलं. डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी न करताच परत पाठवलं, तेव्हा मात्र माझ्या मेथीच्या भाजीला नावं ठेवलीत.

तुमच्या लेकीने तिच्या कंपनीच्या विम्यावर उद्याची तारीख पुन्हा मिळवली आहे. औषध ओट्यावर आहे, सगळं प्या. कुंड्या शेजारी नेऊन ठेवल्या आहेत.

रक्त पडतंय ते मूळव्याधीचं, असं थोरले भाऊजीही म्हणायचे. आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांच्याच वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकाला चाललेय. तुम्ही येऊ नका, आज तुमचा उपास आहे.

वर्षाला एक श्राद्ध मला पुष्कळ झालं.

कौशल्या