कोमट पाणी

१२ नोव्हेंबर २००६, अवसरी बुद्रुक
आलो एकदाचे. रविंद्रची बदली मंचरला झाली आणि घर मिळालं ते इथे. दोन खोल्या, अंगण, शेजारी घरमालकीण साळुबाई. न्हाणीत चक्क गीझर. माझ्या माहेरी अजून बंब पेटतो, त्यामुळे मी त्याच्याकडे नव्या जावयाकडे पाहावं तशी कौतुकानं पाहत राहिले. तीन महिन्यांच्या श्रेयानं मात्र रडून सळो की पळो करून सोडलंय. गीझरचं बटण चाळीसवर ठेवलं. पोरीची कातडी म्हणजे दुधावरची साय.

१५ नोव्हेंबर
लोडशेडिंगनं जीव नकोसा केलाय. लाइट गेली की टाकी गार होते. आली की मी बटण पुढे सरकवते आणि मागे आणायला विसरते. रविंद्र म्हणतो, वेंधळी आहेस. आहेच. साळुबाई सांगत होत्या, आमच्या आधी इथे राहणारी जानकाबाई याच न्हाणीत गावातली तान्ही लेकरं न्हाऊ घालायची. लई मायेची बाई व्हती म्हणाल्या, आणि मेथी निवडायला लागल्या.

१९ नोव्हेंबर
लाइट येऊन बराच वेळ झाला तरी पाणी गारच. बटण टोकाला नेलं, तेव्हा कुठे कोमट झालं. रविंद्र आंघोळीला गेला आणि ओरडतच बाहेर आला. पाठ लालभडक. मी आत्ताच तर हात घालून पाहिला होता.

२२ नोव्हेंबर
माझ्या हातावर फोड आलेत. रविंद्रनं दाखवले तेव्हा कळलं. दुखत नाहीत. साळुबाईंनी हात पाहिला आणि दार लोटून घेतलं. मग बोलल्या. जन्मभर कढत पाण्यात घालून जानकाबाईचे हात मेले होते. चुलीत किती लाकूड घातलं, त्यावरून तिला पाण्याचा अंदाज यायचा. गीझर आला आणि तो अंदाज गेला. लाइट येऊन पाणी किती तापलं ते तिला समजलं नाही, आणि एक लेकरू भाजून गेलं. ‘हाताला कळलंच न्हाई वं बाई,’ एवढंच म्हणत त्याच महिन्यात तीही गेली.
मला माझीच भीती वाटते.

२३ नोव्हेंबर
बटणावर रविंद्रनं चिकटपट्टी लावली. श्रेयाला आता साळुबाईच न्हाऊ घालणार. मी न्हाणीत पाऊल टाकणार नाही.

२६ नोव्हेंबर
लाइट नाही. साळुबाई मंचरच्या बाजारात, रविंद्र कामावर. श्रेयाचं अंग गार लागतंय. गालाला गाल लावला तर ऊब आहे — हाताला मात्र गार —

लाइट आली. चिकटपट्टी निघालीय. मी काढली? बादली भरलीय — हात बुडवला, काहीच नाही — बाहेर जायला हवं, कुणाला तरी हाक —

श्रेया रडतेय. रडणारच. तेल लावून ठेवलंय कुणीतरी तिला — उगी गं, उगी, गार पान्यानं न्हाई न्हाऊ घालायची मी तुला — हे बघ, पाय पसरून बसले — ये, पायावर ये, पयला तांब्या —