एकेचाळीस हत्यारांची यादी

१४ सप्टेंबर २००३
सिंहस्थाची गर्दी ओसरली, गल्लीतून पुन्हा सायकल निघते. दुकानातली बाबांची तांब्याच्या कामाची सगळी हत्यारं ओट्यावर मांडली. एकेचाळीस. दादा म्हणतो, दिवाळीआधी गाळा रिकामा करायचा, लोखंड भंगारात. संग्रहालयाच्या बाईंना फोन केला. ठेवून घेऊ म्हणाल्या, पण प्रत्येकाचं नाव आणि काम लिहून हवं. ७ ऑक्टोबरला येतील.

१५ सप्टें.
बाबांच्या हातात स्वतः पाहिलेली बारा लिहिली. मठाराचे, म्हणजे भांड्यावर ठोके उमटवायचे हातोडे, कात्री, सांडशी वगैरे. बाकीची एकोणतीस नुसतं लोखंड. वाकडे दांडे, एक बोथट चमचा, एक गोळा. दम्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही, बाबांनी दुकानातच शिकवलं. उत्तर येत नसेल तर पाटी कोरी ठेवायची, अंदाज लिहायचा नाही. मी रोज समोर बसून होते, तरी ही एकोणतीस पाहिलीच नाहीत. पाढे म्हणत होते बहुतेक.

१७ सप्टें.
अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांची वाचा गेली, पण मान हलवतात. एकेक समोर धरते. "बाबा, हे हंड्याचा गळा काढायचं?" हो. लिहिलं. आज सहा झाली. आई म्हणाली, कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी कुणी कामाचं बोललं.

२१ सप्टें.
एकवीस झाली. आठ राहिली, त्यांचं काय विचारावं तेच सुचत नाही. म्हणून किसनकाकांकडे नेली. ते आता एकटेच तांब्याचं काम करतात. गोळा हातात फिरवत म्हणाले, "बंबाच्या तोटीसाठी केला असेल. नायतर सुपारी फोडायला."
म्हटलं, "काका, खरं सांगा ना."
"खरंच सांगतो पोरी. आम्ही हत्यार आपापल्या हाताला करतो, एकेका कामापुरतं. तुझ्या बापाचं माझ्या कामाचं नाय. आणि आता बंब कोण घेतो? गिझरला मठारू का?"
चहा पाजला. आठही तशीच परत आणली.

२५ सप्टें.
दुपारी एक शंका आली, ती जाईना. स्वयंपाकघरातून उलथणं आणलं. बाबांसमोर धरलं. "हा मठाराचा हातोडा ना?"
हो.
"मी किसनकाका ना?"
हो. मान तशीच हलली, शांतपणे. 
उलथणं जागेवर ठेवून आले. आईने विचारलं, काय करपलं?

२६ सप्टें.
एकवीसच्या एकवीस नावं माझीच. मीच विचारायची, ते मान हलवायचे. नव्या कागदावर बारा लिहिली, बाकी एकोणतीस रकाने कोरे. जुनी यादी फाडत होते, आईने हातातून काढून घेतली. "नावं ठेवलीस त्यात कुणाचं काय गेलं?" दादा म्हणाला, "अगं, संग्रहालयात जाऊन बघतंय कोण? त्या बाईला तरी कळणार आहे का?"
कळणार नाही. तेच तर.

४ ऑक्टो.
खंडेनवमी. पाटावर सगळी ओळीने मांडली, हळदकुंकू, झेंडू. बाबांना खुर्चीत बसवलं. डाव्या हाताने त्यांनी एक वाकडा दांडा ओळीतून काढून गोळ्याजवळ सरकवला. मी परत ओळीत लावला. त्यांनी पुन्हा सरकवला. तेव्हा लक्षात आलं, मी काय करतेय. मग हात लावला नाही.
ही दोन बरोबर वापरायची? की नुसता हात थरथरला? विचारता येत नाही. विचारलं की हो म्हणतील.

५ ऑक्टो.
दसरा. काही न विचारता सगळी पुन्हा त्यांच्यासमोर मांडली. मी तासभर बसले. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. मग झोप लागली त्यांना.

६ ऑक्टो.
बाईंचा फोन. नाव नसलेली घेता येणार नाहीत, नियमच आहे, वाईट वाटून घेऊ नका. दादाने भंगारवाल्याला परवाचं सांगून ठेवलंय. बारा वाचतील, एकोणतीस वितळतील. आईने जुनी यादी माझ्या टेबलावर आणून ठेवली. तिच्यात तेहेतीस वाचतात.
बाबा, तुम्ही असतात तर, असं मनात आलं. समोरच तर बसलेत.
संध्याकाळी दोन्ही कागद घेऊन त्यांच्यापुढे बसले. जुना दाखवला. "हा देऊ?"
हो.
कोऱ्या रकान्यांचा दाखवला. "की हा?"
हो.
बाई उद्या अकराला येणार.