दोन माणसांची लाल मोटार

सुभेदार आकाराम पाव्हणं, मुक्काम शिरवळ, यांना कराडच्या अंगानं नानासोचा वाकून रामराम. पलटणीतले ट्रक म्हणं तुमचा नुसता आवाज ऐकून चालू व्हायचे. त्या आवाजाला आता आराम असावा. तुमचा गुडघा, वैनींचा खोकला आन गाभण म्हैस, सगळ्यांचं बरं असंल अशी आशा हाय. आमच्या घरच्या, म्हंजे तुमची धाकटी बहीण चंद्रा, तुमच्याकडं म्हायेरी येऊन बसल्यात. त्यांची तब्येत मी इचारत न्हाई. (जेवत्यात का, तेवढं लिवा.)

त्यांनी तुमाला काय सांगितलं असंल ते असंल. झालं एवढंच, की साताऱ्याच्या लग्नाहून जीपनं येताना आमची आई पुढं माझ्याशेजारी बसली आन चंद्रा मागं, आहेराची भांडी, चुलत्याची पोरं आन एक कोंबडा, ह्यांच्या मधी. उंब्रजपाशी ती म्हणाली, लग्न झाल्यापासनं एकदा तरी तुमच्या शेजारी बसून कुठं गेलीया का मी? मी हसलो. (जीपमधी सगळीच हसली, मी एकटा गप बसलो असतो तर बरं दिसलं असतं का?) कराडच्या स्टँडावर ती उतरली आन उलटी येष्टी धरून तुमच्याकडं आली.

मग मीबी हट्टाला पेटलो. म्हटलं, जिच्यात तिसऱ्या माणसाला जागाच न्हाई अशी मोटार घ्यायची. सांगलीला विश्रामबागेत एका म्हाताऱ्या बॅरिस्टरांकडं तसली हाय असं कळलं. विलायती, लाल, शर्यतीची. इतकी बुटकी, की आत बसलं का रस्ता ढुंगणाला लागतो. बॅरिस्टर लय सज्जन. आपणहून म्हणाले, इंजिन जरा तेल खातं, लांबच्या पल्ल्याला तापतं, चांगल्या मिस्त्रीला दावा आन मग ठरवा. आता आपल्याच मालाची खोड सांगणारा इकणारा मी उभ्या जन्मात बघितला न्हाई, म्हणून मला त्यांचाच संशय आला.

मिस्त्रीच्या जागी मी आमच्या धुळाला नेलं होतं. धुळा जतकडचा धनगर, आमच्या दावणीचा एकूण एक खिलारी बैल त्यानं निवडलेला. त्यानं मोटारीभवती फेरी मारली, पुठ्ठ्यावर थाप टाकली, वाकून खालनं बघितलं. इंजिन चालू केल्यावर बॉनेटावर हात ठेवून म्हणाला, अंग गरम हाय, पर धाप न्हाई. मागनं निळा धूर आला. बॅरिस्टर म्हणाले, पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील. धुळा म्हणाला, सर्दी हाय. मला धुळाचं पटलं, कारण त्यात खर्च कमी होता.

तरीबी त्याचं समाधान हुईना. बैल वढून दाखवल्याबिगर कुणी घेतो का, असं त्याचं म्हणणं. नेमकी रस्त्यानं कारखान्याकडं निघालेली उसाची टायरगाडी आली. गाडीवान लालासाहेब आमच्या वळखीचा. बैल सोडले आन नाड्यानं मोटार जुंपली. मला ट्रॅक्टर येतो म्हणून मी स्टेरिंगवर बसलो, मागनं धुळा मडगार्डावर थापा मारीत हैक हैक करीत होता. बॅरिस्टर फाटकात उभं राहून अहो अहो म्हणत होते. खोटं कशाला बोलू पाव्हणं, वढली! गाडी हलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मोटारीच्या पोटात काहीतरी काडकन मोडलं, पुढनं वाफ, खालनं तेल. धुळानं मुंडासं सारखं केलं आन म्हणाला, बघा, खोड निघाली का न्हाई?

बॅरिस्टर म्हणाले, कायद्यानं तुमच्यावर बंधन न्हाई, व्यवहार झालाच न्हाई. पर पाव्हणं, आपल्या बैलबाजाराचा रिवाज तुमी जाणता. जुंपून बघताना जनावर लंगडलं, तर ते बघणाऱ्याच्या गळ्यात. कायद्यापायी का माणूस गावात तोंड लपवून फिरंल? घेतली. रिकाम्या ट्रकात घालून आणली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आता कराडचा एक मिस्त्री म्हणतो हेड गेलं, दुसरा म्हणतो बेरिंग. इंजिनेरी शिकणाऱ्या भाच्यानं कागदावर अख्खं इंजिन काढून दावलं. कागदावरचं उत्तम चालतंय.

असो. सगळं खुशाल हाय, मागणं काही न्हाई.

आपला,
नानासो

ता. क. मागणं न्हाई म्हटलं तरी हत्याराची पेटी घेऊन एकडाव येऊन जा. एवढे लष्कराचे ट्रक उठवले, ही एक उठवा.

ता. क. येताना चंद्राला आणा. मोटार चालती असं सांगा. (ढकलली का चालती.) परतीला तुमाला येष्टीनं जावं लागंल, मोटारीत तिसऱ्याला जागा न्हाई.

ता. क. मोटार दारात उतरली न्हाई तवर आई दुसऱ्या शिटावर जाऊन बसली. ऊन खायला बरं हाय म्हणाली. मग चुलत्याची पोरं, मग कोंबडा. म्हणून ते शीट मी पान्यानं सोडवून आतल्या खोलीत कुलपात ठिवलंय. आई माझ्याशी बोलत न्हाई. कुलपाची किल्ली ह्याच पाकिटात घातलीया. ती तुमची न्हाई, तिच्या हातात द्या.